पाद्र्यांच्या मठात वीरगळ

वाचकहो, सकाळी शेण काढायला तुम्ही घमेले हातात घेता. पाणी साठवायला परसात पिंप ठेवता. कुलपाची चावी कोनाड्यात असते, दुपारच्या भाजीत बटाटा असतो आणि मजुराला शनिवारी पगार द्यायचा असतो. घमेले, पिंप, चावी, बटाटा, पगार हे पाचही शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आले. आपल्या बारामती-इंदापुरात पोर्तुगीजांचे राज्य कधी नव्हते, तरी त्यांचे शब्द आपल्या गोठ्यापर्यंत पोचले. ‘पाद्री’ हा शब्दही त्यांचाच. आज अशाच पाद्र्यांच्या एका जुन्या घराची हकिकत तुम्हांला सांगायची आहे. हे घर गोव्यात आहे, पण त्याच्या हकिकतीतून आपल्या गावच्या गढीला आणि वाड्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्या भागातून पुष्कळ मंडळी ऊसतोडणीचा हंगाम सरला की गोव्याला जातात. मंगेशी, शांतादुर्गा होते, समुद्र होतो आणि मग जुन्या गोव्यात गाडी थांबते. बहुतेक लोक सेंट झेवियरचे चर्च पाहून परत फिरतात. त्याच्या समोरच रस्त्यापलीकडे सेंट फ्रान्सिसचे चर्च आहे आणि चर्चला लागून पाद्र्यांचा जुना मठ आहे. त्या मठात आता भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. पुढच्या वेळी गेलात तर तिथे दोन तास काढा.

मठ कसा झाला

२५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवे घेतले. त्यानंतर १५१७ साली फ्रान्सिस्कन पंथाचे आठ साधू तिथे राहावयास आले. हा पंथ इटलीतल्या असिसी गावच्या फ्रान्सिस या साधूने काढला. तो १२२६ साली वारला. श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा. सगळे टाकून त्याने जाड्याभरड्या कापडाचा अंगरखा घातला, कमरेला दोर बांधला आणि भिक्षा मागून राहू लागला. आपल्याकडच्या बैराग्याशी त्याचे पुष्कळ साम्य. तोच दोर त्याच्या पंथातले साधू अजूनही कमरेला बांधतात.

गोव्यात आलेल्या आठ साधूंनी आधी एक लहानसे प्रार्थनाघर बांधले. पुढे १५२१ साली त्या जागी चर्च झाले. ते चर्च पाडून १६६१ साली आजचे मोठे चर्च उभे राहिले. मात्र जुन्या चर्चचा कोरीव दरवाजा त्यांनी टाकून दिला नाही, तोच नव्या इमारतीला बसवला. बाकीची भिंत चुन्याच्या गिलाव्याने पांढरी आणि मध्ये हा काळ्या दगडाचा दरवाजा, असे ते दिसते. गोव्याचा दगड म्हणजे तांबडा जांभा. काळा दगड वसईकडून जहाजाने येत असे म्हणतात. म्हणजे तो आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा.

चर्चच्या अंगाला साधूंची राहण्याची जागा आहे. तुम्ही आत गेलात की तुम्हांला आपला चौसोपी वाडा आठवेल. मध्ये चौक, चारी बाजूंनी सोपे, वर मजला आणि ओळीने खोल्या. आपल्या वाड्यात धान्याची कोठारे आणि माजघर, तर इथे साधूंच्या कोठड्या. पाऊस, ऊन आणि वारा यांचा विचार करून बांधलेले घर कोणत्याही देशात सारखेच दिसते.

चांगले आणि वाईट दोन्ही

ही हकिकत सांगताना एक बाजू झाकून ठेवणे बरे नाही. पोर्तुगीजांनी तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडली. पुढे साष्टीत आणि बारदेशातही तेच झाले. बारदेशातले धर्मप्रसाराचे काम याच फ्रान्सिस्कन साधूंकडे होते. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय बसले, आणि मध्ये थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. लोकांनी आपले देव रातोरात नदीपलीकडे नेले. आज आपण ज्या मंगेशीला आणि शांतादुर्गेला जातो, ते देव मूळचे तिथले नव्हेत, ते असे आलेले आहेत. मंगेश कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळशीची. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला.

दुसरी बाजूही आहे. हे परदेशी पाद्री आपली भाषा शिकले. जेझुइट या दुसऱ्या पंथाचा थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला. त्याने येशूची कथा मराठी ओवीत लिहिली, ती अकरा हजारांच्या आसपास ओव्यांची. ‘क्रिस्तपुराण’ म्हणून तो ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला. आपले मोरोपंत बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगत आणि आर्या रचत. त्यांचा जन्म १७२९ चा, मृत्यू १७९४ चा. म्हणजे मोरोपंतांच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षे एक इंग्रज माणूस मराठी ओवी रचत होता. ज्याला लोकांच्या मनापर्यंत जायचे आहे त्याला लोकांची भाषा शिकावीच लागते. आम्ही शेतीखात्यातली माणसे हे जाणतो. बांधावर उभे राहून पुस्तकी शब्द बोलले तर कोणी ऐकत नाही.

जहाजातून आलेली पिके

शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या काळातली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे जहाजातून आलेले बियाणे. मिरची, बटाटा, भुईमूग, तंबाखू, काजू, अननस, पपई, पेरू ही सगळी पिके अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांच्या येण्याजाण्यातून त्यांतली बरीचशी आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्या आजीच्या आजीचा ठेचा मिरचीचा नव्हता, जेवणात तिखटपणा मिऱ्याचा असे. इंदापूर तालुक्यात आज पेरूच्या बागा आहेत. ‘पेरू’ हे नावच पोर्तुगीज ‘पेरा’ या शब्दावरून आले, आणि त्यांच्या भाषेत पेरा म्हणजे नासपती.

आंब्याचे तर उलट झाले. आंबा आपलाच, पण कलमे बांधून एकाच जातीची झाडे वाढवण्याची रीत गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी पुढे नेली असे इतिहासकार मानतात. कोयीपासून आलेले झाड आईसारखे निघेलच असे नाही, कलम मात्र आईचीच प्रत असते. हापूस, पायरी ही नावे अफोन्सो आणि परेरा या पोर्तुगीज नावांवरून आली. आपल्या देशातल्या औषधी वनस्पतींवर गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने लिहिलेले पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. राज्ये आली आणि गेली, पण झाड रुजले की ते मातीचेच होते.

दोन मठ, दोन गती

आता मुद्द्याची गोष्ट. जुने गोवे हे शहर रोगराईने ओस पडत गेले. पाणी वाईट, हिवताप आणि पटकी यांनी माणसे मरत. १७५९ साली गव्हर्नर पणजीला राहावयास गेला आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या वाड्यांचा दगड लोकांनी नव्या घरांसाठी नेला. त्यातच १८३४ साली पोर्तुगालच्या सरकारने साधूंचे सगळे पंथ बंद केले आणि १८३५ साली गोव्यातले मठ रिकामे झाले. शेकडो वर्षे जिथे घंटा वाजत होती तिथे दिवा लावायला माणूस उरला नाही.

फ्रान्सिस्कन मठापासून थोड्याच अंतरावर टेकडीवर ऑगस्टिनियन पंथाचा मठ होता. त्याचे चर्च १६०२ साली पुरे झाले होते. १८३५ साली तोही रिकामा झाला. १८४२ साली, म्हणजे अवघ्या सात वर्षांत, त्याच्या चर्चचे छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा काही भाग पडला, १९३८ साली आणखी पडला. आज तिथे सुमारे ४६ मीटर उंचीचा एक मनोरा अर्धवट उभा आहे आणि भोवती जांभ्याचे ढीग. त्याच टेकडीवर साध्वींचा सांता मोनिका मठ आहे. तिथली शेवटची साध्वी १८८५ साली वारली. पण ती इमारत पुढे लष्कराच्या आणि नंतर शिक्षणाच्या कामी आली, आणि २००२ साली तिच्यात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आले. ती इमारत आजही धडधाकट आहे.

फ्रान्सिस्कन मठाचेही तसेच झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे संग्रहालय उघडले. १९८१-८२ साली त्याची नव्याने मांडणी केली. १९८६ साली जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ जागतिक वारशाच्या यादीत गेले.

पाऊस तोच, जांभा तोच, चुना तोच, टेकडी आणि सपाटी एवढाच काय तो फरक. मग एक पडला आणि दोन का राहिले? ज्या घरात माणूस वावरतो, त्या घराचे कौल सरकले की कोणाच्या तरी डोक्यावर पाणी गळते आणि ते कौल नीट बसवले जाते. रिकाम्या घरात गळलेले पाणी कोणाला कळत नाही. ते भिंतीत मुरते, तुळई कुजते, पिंपळ रुजतो. घर म्हातारपणाने पडत नाही, ते रिकामेपणाने पडते.

आत काय पाहाल

आत गेल्यावर अल्बुकर्कचा मोठा ब्राँझचा पुतळा दिसेल. हा पूर्वी पणजीत होता. लुईस द कामोइंश या पोर्तुगीज कवीचाही पुतळा आहे. तो १९६० साली बाहेर मोकळ्या जागेत उभा केला होता, त्यावरून पुढे वाद झाले आणि अखेर तो इथे आत आला. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांची चित्रे आहेत. ही चित्रे काढून घेण्याची चाल १५४७ साली जुआंव द कास्त्रो याने सुरू केली. ज्यांच्या नावाने एके काळी लोक थरथरत, ते सगळे आता भिंतीवर ओळीने टांगले आहेत आणि शाळेची मुले त्यांच्या मिशांकडे बोट दाखवून हसतात.

पण खरे पाहण्यासारखे आहे ते दगडात. गोव्यात ठिकठिकाणी मिळालेल्या जुन्या देवमूर्ती, कदंब राजांच्या काळचे वीरगळ, सतीशिळा, मराठी आणि फारसी शिलालेख इथे मांडले आहेत. एका वीरगळावर तर जहाजातली लढाई कोरलेली आहे. आपल्याकडच्या वीरगळावर बहुधा गाई राखताना पडलेला वीर असतो, इथे समुद्रावर पडलेला. रचना मात्र तीच. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतात, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ज्या पंथाच्या साधूंनी बारदेशातली देवळे पाहवली नाहीत, त्यांच्याच मठाच्या भिंतींनी आज आपल्या वीरांच्या शिळांना सावली दिली आहे. त्यांचा राग धरून सरकारने मठ पाडला असता तर मठही गेला असता आणि शिळांना जागाही मिळाली नसती.

पडक्या मठातही काही उरते, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्टिनियन मठाच्या ढिगात पुरातत्त्व खात्याने काळजीपूर्वक खोदकाम केले तेव्हा काही हाडांचे अवशेष मिळाले. जॉर्जिया देशाची केतेवान नावाची राणी १६२४ साली इराणात मारली गेली होती, आणि तिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणले असे जुन्या कागदांत लिहिलेले होते. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली आणि एक हाड तिचेच असावे असा निष्कर्ष निघाला. २०२१ साली भारत सरकारने तो अवशेष जॉर्जियाला भेट दिला. कागदात नोंद होती म्हणून ढिगाऱ्यातले हाड बोलले. नोंद नसती तर ते हाडच राहिले असते.

आपल्या गढीचे काय

आता आपल्या गावाकडे वळू या. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. बारामतीला बाबूजी नाईकांचा वाडा आहे. ही नावाजलेली ठिकाणे झाली, पण नीरा आणि भीमेच्या काठच्या कितीतरी गावांत पाटलाची, देशमुखाची लहान गढी किंवा दगडी वाडा असतोच. गढीच्या पांढऱ्या मातीने पूर्वी धाबी लिंपली, ती माती खत म्हणून शेतातही गेली. ज्यांच्या घरावर छप्पर गळत होते त्यांना तेव्हा दोष देता येणार नाही. पण आज पत्रा आहे, स्लॅब आहे, आता तरी गढीला खणती लावायला नको.

नोकरीमुळे मी गावोगाव हिंडलो. वाडे का पडतात याचे कारण मला बहुतेक ठिकाणी एकच दिसले. मालकाला मुलगा नसतो असे नव्हे, वारस फार असतात. एका गावात एका वाड्याला बावीस हिस्सेदार होते. कौले फेरायची म्हटले की प्रत्येक जण म्हणे, “माझ्या एकट्याचा आहे का वाडा?” पाचव्या पावसाळ्याला दिंडी दरवाजा तेवढा राहिला. ऑगस्टिनियन मठाला वारस उरला नाही म्हणून तो पडला, आणि आपला वाडा बावीस वारस असून पडला. दोन्हींची गत एकच, कारण वापर कोणाचाच नव्हता.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. वाटण्या करताना ओसरी किंवा एक सोपा वाटणीतून बाहेर ठेवा. तिथे मुलांची अभ्यासिका करा, भजनी मंडळाला बसू द्या, बचतगटाच्या बाया बसू द्या. रोज झाडलोट होईल, गळती दिसेल आणि दुरुस्ती वेळेवर होईल.

आणि त्याच सोप्यात गावाचे लहानसे संग्रहालयही होऊ शकते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. त्यांत राजामहाराजांच्या वस्तू थोड्या, अडकित्ते, दिवे, दौती, भांडी, दरवाजे अशा घरोघरच्या वस्तू जास्त. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून त्या जमवल्या आणि लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले. तुमच्या माळ्यावर मोट, नाडा, सोंदर, तिफण, पाभर, दगडी जाते, उखळ, कणगी यांतले काही ना काही अजून असेल. भंगारवाला ते किलोवर नेईल, आणि मग नातवाला मोट कशी होती ते चित्रात दाखवावे लागेल.

हे करताना पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

वस्तू ठेवताना तिच्याबरोबर एक पुठ्ठा ठेवा. नाव काय, कोणत्या घरची, कशासाठी वापरीत, कोणी वापरली, एवढे लिहा. नाव नसलेली वस्तू दहा वर्षांनी अडगळ होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून हे आजच लिहा. मोटेवरचे गाणे किंवा जात्यावरची ओवी येत असेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घ्या.

शेतात नांगरताना वीरगळ किंवा मूर्ती लागली तर पहारीने उपटू नका, ऑइलपेंट फासू नका, सिमेंटात गाडू नका. आधी जागेवरच छायाचित्र काढा, तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला कळवा.

नाण्यांचा हंडा किंवा असे काही मिळाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. लपवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, शिल्पे वगैरे परदेशी पाठवता येत नाहीत. देवळातल्या मूर्तीवर नजर ठेवून येणाऱ्या गोड बोलणाऱ्या माणसापासून सावध राहा.

मोडी कागदांची पेटी असेल तर कागद प्लास्टिकात घट्ट चिकटवू नका. कोरड्या सुती कापडात बांधा, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा, पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्या. वाचून घ्यायचे असतील तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारा. १९१० साली स्थापन झालेली ही संस्था याच कामासाठी आहे. वाचायला नेताना मूळ कागद हातचा सोडण्याआधी प्रत काढून ठेवा.

गोव्यातला तो मठ कोणी बांधला, का बांधला, त्यात बरे काय आणि वाईट काय झाले हे सगळे आज तिथे शांतपणे पाहता येते, कारण कोणीतरी त्याला नवे काम दिले. आपल्या गावच्या पडक्या सोप्यालाही काम द्या. येत्या पावसाळ्याआधी त्याची कौले तेवढी फेरून घ्या, पुढचे आपोआप सुचेल.